मानेत, काखेत, जांघेत गाठ: लसूण कुठवर आणि डॉक्टर कधी

हनुवटीखाली किंवा कानामागे बोटाला वाटाण्याएवढं काही लागलं की घरात दोन मतं लगेच तयार होतात. एक म्हणतं, लसूण ठेचून बांध, रात्रीत बसेल. दुसरं मोबाइल उघडून पाच मिनिटांत थेट कॅन्सरपर्यंत पोचतं. दोघांनीही एकच काम केलेलं नसतं: गाठ नीट चाचपून पाहिलेली नसते आणि ती का आली हे शोधलेलं नसतं.

म्हणून इथला क्रम वेगळा आहे. आधी गाठ ओळखायची, मग तिचं कारण हुडकायचं, लसूण त्यानंतर. लसणाबद्दल माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ताटात खुशाल घ्या, कच्चा ठेचून कातडीवर बांधू नका, आणि दोन आठवड्यांच्या पुढे त्याच्या भरवशावर राहू नका.

ही लसिकाग्रंथीच आहे ना?

लसिकाग्रंथी म्हणजे इंग्रजीत लिम्फ नोड. आपल्या शरीरात अशा सुमारे सहाशे ग्रंथी असतात. बहुतेक खोलवर दडलेल्या. मान, काख आणि जांघ इथल्या तेवढ्या हाताला लागतात. आसपासच्या भागातून येणारा द्रव त्यांच्यातून गाळला जातो. त्या भागात जंतू शिरले की आतल्या पांढऱ्या पेशी वाढतात आणि ग्रंथी फुगते. म्हणजे फुगलेली ग्रंथी हा बहुतेक वेळा स्वतंत्र आजार नसतो. आजार दुसरीकडे कुठेतरी असतो.

चाचपायचं ते बोटांच्या पेरांनी, हलकेच, गोल फिरवत; चिमटीत धरून दाबायचं नाही. दोन्ही बाजू तपासा, कारण एका बाजूला लागलेलं ते दुसऱ्या बाजूलाही तसंच असेल तर बऱ्याचदा ती तुमची नेहमीची ठेवणच असते. एक सेंटिमीटरपर्यंतची, मऊसर, बोटाखाली सरकणारी ग्रंथी अनेक निरोगी माणसांना लागते. जांघेत त्याहून थोडी मोठीही चालते. सतत सर्दी-खोकला होणाऱ्या लहान मुलांच्या मानेत तर अशा दोन-चार असतातच.

काही गाठी मात्र वेगळ्याच असतात. घोट गिळताना वरखाली होणारी गळ्याच्या मधली गाठ थायरॉइडची असू शकते. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर सूज येऊन गाल भरल्यासारखा दिसला तर गालगुंड आठवा. जेवायला बसलं की वाढणारी आणि नंतर ओसरणारी जबड्याखालची सूज लाळग्रंथीत खडा अडकल्याची असते. जांघेत खोकल्यासरशी बाहेर येणारा आणि आडवं झाल्यावर आत जाणारा फुगवटा हर्नियाचा. तो दुखायला लागला आणि आत जाईना, तर त्याच तासाला रुग्णालय गाठा. यातल्या एकाही गाठीचा लसणाशी संबंध नाही.

गाठ जिथे, कारण तिच्या वाटेवर

घरच्या तपासणीतला सगळ्यात उपयोगी भाग हाच, आणि नेमका तोच सगळे गाळतात.

कानामागे किंवा मानेच्या मागच्या बाजूला गाठ असेल तर केस बाजूला करून डोकं पाहा. उवा, खाजवून झालेल्या जखमा, पुळ्या, पिकलेला कोंडा. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या बाबतीत उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं, आणि उवा काढल्या की गाठीही हळूहळू उतरतात.

जबड्याखाली किंवा मानेच्या पुढच्या बाजूला असेल तर तोंड उघडून टॉर्च मारा. टॉन्सिल लाल आहेत का, किडलेली दाढ आहे का, हिरडी सुजली आहे का, तोंड आलंय का. किडक्या दाढेमुळे आलेली गाठ लसणाने बसणार नाही. दाढेवर उपचार झाले की बसेल.

आता एक गोष्ट ठसवून सांगायची आहे. घरातलं माणूस तंबाखू, खर्रा, गुटखा किंवा मिश्रीवालं असेल, वय चाळिशीच्या पुढे असेल, आणि मानेत न दुखणारी कडक गाठ असेल, तर दोन आठवडे थांबायचा नियम त्याला लागू नाही. जिभेची कड, जिभेखालची जागा आणि गालाची आतली बाजू पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा व्रण, तोंड कमी उघडणं यातलं काहीही दिसलं किंवा काहीही दिसलं नाही, तरी त्याला त्याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. तोंडाचा कॅन्सर पसरतो तो आधी मानेतल्या याच ग्रंथींत, आणि सुरुवातीला ती गाठ दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस निश्चिंत राहतो.

काखेत गाठ आली तर हात, बोटं, नखांच्या कडा पाहा. मांजराने ओरबाडलं असेल तर एक ते तीन आठवड्यांनी काखेत गाठ येऊ शकते. (ओरबाडल्यावर रेबीजच्या लशीबद्दल त्याच दिवशी विचारायचं असतं, गाठीची वाट पाहायची नसते.) दंडावर नुकतीच लस घेतली असेल तर त्या बाजूच्या काखेत काही दिवस गाठ राहते. बाळाला जन्मतः डाव्या दंडावर बीसीजी देतात. त्यानंतरच्या काही महिन्यांत डाव्या काखेत छोटी गाठ आली तर ती बहुधा आपोआप जाते, फक्त डॉक्टरांना एकदा दाखवून ठेवा. बायकांनी काखेतल्या गाठीबरोबर स्तनही तपासावेत आणि काही वेगळं लागलं तर लाज न धरता दाखवावं.

जांघेतलं अवधाण खेड्यात सगळ्यांच्या ओळखीचं. पायात काटा मोडला, खिळा रुतला, भातलावणीत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या की वर जांघेत गाठ उठते. इथे औषध पायाला करायचं असतं: साबण-पाण्याने जखम धुणं, बेचक्या कोरड्या ठेवणं, खिळा गंजका असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन. पायावरून जांघेकडे लाल रेघ चढताना दिसली आणि ताप आला तर मात्र घरी थांबू नका, संसर्ग पसरतो आहे. गुप्तांगावर फोड किंवा व्रण असेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा. न सांगितल्याने उपचार चुकतात. विदर्भात जांघेत वरचेवर गाठ येत असेल, तापाची कणकण असेल आणि पाय सुजत असेल, तर हत्तीरोगाची तपासणी करून घ्या. आणि पावसाळ्यानंतर गवतात, शेतात वावरणाऱ्याला तीव्र ताप आला, अंगावर कुठेतरी न दुखणारी काळी खपली दिसली आणि तिच्याजवळच्या ग्रंथी सुजल्या, तर स्क्रब टायफसचा (बारीक किडे चावून होणाऱ्या तापाचा) संशय घ्यायचा. त्यावर साधं, स्वस्त औषध आहे, पण ते लवकर सुरू व्हावं लागतं.

लसूण बाजूला ठेवून सरळ दवाखाना

गाठ गळपट्टीच्या हाडाच्या वर, म्हणजे खांदा आणि मानेच्या खोबणीत असेल तर वय काहीही असो, लगेच दाखवा. त्या जागेची गाठ कधीच घरगुती उपायांवर सोडायची नाही, कारण तिथे छातीतले आणि पोटातले आजारही डोकं वर काढतात. दगडासारखी कडक, जागची न हलणारी, दोन सेंटिमीटरहून मोठी किंवा आठवड्यागणिक वाढणारी गाठ तशीच. गाठीबरोबर वजन उतरणं, रात्री कपडे ओले होतील इतका घाम, संध्याकाळचा ताप. एकाच वेळी मान, काख, जांघ सगळीकडे गाठी. गाठीवरची कातडी लाल आणि गरम होऊन आत पू झाल्यासारखं वाटणं. आणि मुलाला गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, श्वासाला त्रास होत असेल किंवा मान वळवता येत नसेल, तर रात्र असली तरी निघायचं.

लसूण काय करतो, काय करत नाही

अख्ख्या पाकळीत औषधी म्हणतात ते द्रव्य तयार नसतं. पाकळी ठेचली की अ‍ॅलीन नावाचं द्रव्य आणि अ‍ॅलिनेज नावाचं विकर (एन्झाइम) एकत्र येतात आणि त्यातून अ‍ॅलिसिन बनतं. तो झणझणीत वास त्याचाच. १९४४ साली कॅव्हॅलिटो आणि बेली या अमेरिकी संशोधकांनी ते वेगळं काढलं आणि ते जंतूंची वाढ रोखतं हे दाखवलं. तेव्हापासून लसूण म्हणजे नैसर्गिक अँटिबायोटिक हे वाक्य फिरतं आहे.

प्रयोगशाळेतल्या बशीत ते खरं आहे. पोटात गेल्यावर गोष्ट बदलते. अ‍ॅलिसिन फार अस्थिर. खाल्ल्यानंतर ते त्याच रूपात रक्तात सापडत नाही, त्यामुळे मानेतल्या ग्रंथीपर्यंत पोचून जंतू मारण्याचा प्रश्नच येत नाही. माणसांवरचा बऱ्यापैकी आखलेला एक प्रयोग २००१ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. १४६ जणांनी बारा आठवडे लसणाची किंवा खोटी गोळी घेतली. लसूणवाल्यांना एकूण २४ वेळा सर्दी झाली, दुसऱ्या गटाला ६५ वेळा. आकडे आशादायक आहेत, पण ते सर्दी टाळण्याबद्दलचे आणि एकाच प्रयोगाचे. सुजलेल्या गाठी लसणाने उतरतात असं त्यातून निघत नाही.

परंपरेचा दाखला द्यायचा तर तोही नीट द्यावा. लसणाचं कौतुक आपल्याकडे जुनं आहे: काश्यपसंहितेत लशुनकल्प नावाचा स्वतंत्र अध्याय आहे, आणि १८९० मध्ये मध्य आशियातल्या कुचा इथे मिळालेल्या बॉवर हस्तलिखित या जुन्या पोथीची सुरुवातच लसणाच्या स्तुतीने होते. पण गंडमाळेवर, म्हणजे मानेत माळेसारख्या उठणाऱ्या गाठींवर, वैद्यांचं ठरलेलं औषध लसूण नव्हे, कांचनार. शार्ङ्गधरसंहितेतला कांचनार गुग्गुळ आजही त्यासाठीच दिला जातो. (दसऱ्याला आपटा म्हणून बाजारात पुष्कळदा ज्याची पानं गळ्यात मारतात, तोच हा कांचन.) तोही दुकानातून आणून स्वतःच सुरू करू नका. आधी निदान, मग वैद्याचा सल्ला, आणि चालू असलेली सगळी औषधं त्यांना सांगायची.

मग लसूण खायचा कशाला? घसा धरलाय, तोंडाला चव नाही, अशा वेळी लसणाच्या फोडणीचं गरम कढण किंवा सार घशाला शेक देतं, दोन घास जास्त जातात, पाणी पोटात जातं. आजारपणात ही काही लहान गोष्ट नाही.

खायचा कसा

दिवसाला २ ते ५ ग्रॅम ताजा लसूण मोठ्या माणसाला पुरे, म्हणजे मोठ्या पाकळ्या एक-दोन किंवा गावठी लसणाच्या बारीक पाकळ्या चार-पाच. सोला, खलबत्त्यात ठेचा, आणि दहा मिनिटं तसाच ठेवा. हा वेळ अ‍ॅलिसिन तयार व्हायला द्यायचा. ठेचल्या ठेचल्या कढत तेलात टाकला तर विकर उष्णतेने निकामी होतं आणि उरते ती चव.

दहा मिनिटांनंतर तो गरम वरण-भातावर किंवा मुगाच्या कढणात, भांडं खाली उतरवल्यावर, चमचाभर तुपाबरोबर मिसळा. ज्यांना कच्चा वास नको त्यांनी भाकरीबरोबर ओल्या खोबऱ्याच्या चटणीत घालावा. घसा सोलवटलेला असेल तर सुकं तिखट घालून केलेली चटणी आणि ठेचा चार दिवस लांब ठेवा. आणि उपाशीपोटी कच्च्या पाकळ्या पाण्याबरोबर गिळायची जी टूम आहे तिच्यातून छातीत जळजळ आणि मळमळ तेवढी मिळते. जेवणाबरोबरच घ्या.

वर्षाच्या आतल्या बाळाला कच्चा लसूण नको. मोठ्या मुलांना वरणातल्या फोडणीचा पुरेसा आहे.

बाहेरून लावणं

इथे आजीचं मन मोडावं लागेल. कच्चा लसूण ठेचून कातडीवर बांधला तर ती भाजते. ही काही नाजूक कातडीची तक्रार नव्हे. फोड येऊन कातडी निघाल्याच्या, रासायनिक भाजणं म्हणता येईल अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि त्यांत तान्ही बाळंही आहेत. मानेची कातडी पातळ, वरून फडकं घट्ट बांधलेलं आणि रात्रभर ठेवलेलं, म्हणजे सगळी तयारी पूर्ण. शिवाय भाजल्याने नवी जखम होते, जखमेने ग्रंथी आणखी फुगते, आणि लोक म्हणतात गाठ वर आली, आता पिकेल.

बिब्बा लावणं याहून वाईट. गाठीवर डाग देणं तर नकोच नको. बाळाच्या गळ्यात लसणाच्या पाकळ्यांची माळ घालतात, तीही काढा. झोपेत दोरा आवळू शकतो, पाकळी तोंडात जाऊ शकते, आणि घामाने ओल्या कातडीला पाकळी चिकटून राहिली तर चट्टा उठतो.

घरात तेलाचा आग्रह असेलच तर त्याची बरी पद्धत अशी. चार चमचे तिळाच्या किंवा खोबरेल तेलात दोन-तीन पाकळ्या मंद आचेवर तांबूस होईपर्यंत कढवा, गाळा, पाकळ्या टाकून द्या, तेल कोमट होऊ द्या. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस पाहा. मग खांदे आणि मानेच्या मागच्या बाजूला हलक्या हाताने लावा. गाठीवर चोळायचं नाही, फुटलेल्या कातडीवर लावायचं नाही, कानात घालायचं नाही. बरं वाटेल ते मुख्यतः उबेमुळे आणि हाताच्या स्पर्शामुळे.

हे तेल त्याच दिवशी संपवा. पाकळ्यांसकट तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवणं धोक्याचं, विशेषतः तेच तेल पुढे खाण्यात गेलं तर. तेलाखाली हवा पोचत नाही आणि लसणाबरोबर मातीतून आलेले बोट्युलिझमचे जंतू तिथे विष तयार करू शकतात. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये बाहेर ठेवलेल्या तेलातल्या लसणामुळे ३६ जणांना ही विषबाधा झाली होती. वास किंवा चव बिघडलेली नसते, त्यामुळे कळतही नाही.

कुणी जपून

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, वॉरफरिन, अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर भाजीतला लसूण ठीक, पण औषध म्हणून जास्तीचा किंवा लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच. शस्त्रक्रिया किंवा दाढ काढणं ठरलं असेल तर जास्तीचा लसूण आठवडाभर आधी थांबवा, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळ्या मात्र बंद करू नका. एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांनी लसणाच्या कॅप्सूल टाळाव्यात. अ‍ॅसिडिटीवाल्यांना त्यांची मर्यादा ठाऊक असतेच.

दोन आठवड्यांचं वेळापत्रक

पहिल्या दिवशी गाठीची जागा आणि आकार लिहून ठेवा. रुपयाच्या नाण्याशेजारी फोटो काढला तरी चालेल. सोसेल एवढ्या गरम पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा ठेवा. घसा दुखत असेल तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल, मुलांना वजनाप्रमाणे. मुलांना अ‍ॅस्पिरिन द्यायचं नाही. रोज दहा वेळा चाचपू नका, दाबल्याने ती दुखत राहते. तीन-चार दिवसांनी एकदा पाहा.

घरातल्या डब्यातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घेणं टाळा. लिव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध अर्धवट घेतलं तर क्षयरोग तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं. स्टेरॉइडनेही गाठ झपाट्याने उतरते, पण काही जातींच्या कॅन्सरमध्येही ती तशीच उतरते आणि नंतर तपासणीत नीट सापडत नाही.

मूळ आजार बरा झाल्यावरही ग्रंथी पूर्ववत व्हायला काही आठवडे घेते. लहान होत चालली असेल तर थांबायला हरकत नाही. दोन आठवड्यांत आकार तसाच असेल किंवा वाढला असेल तर दाखवा.

डॉक्टरांकडे, आणि क्षयाची निघाली तर

आपल्याकडे मानेतल्या रेंगाळणाऱ्या गाठीमागे क्षयरोग वारंवार निघतो. गाठी हळूहळू वाढतात, फारशा दुखत नाहीत, एकमेकींना चिकटून गठ्ठा होतो, पुढे मऊ पडून फुटतात आणि महिनोन्‌महिने वाहतात. खोकला असेलच असं नाही. बारीक सुईने नमुना घेतात. सुईने रोग पसरतो ही भीती निराधार आहे, उलट त्या नमुन्यावरच निदान ठरतं. पेशींच्या तपासणीबरोबर त्याच नमुन्यावर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (क्षयाचे जंतू शोधणारी चाचणी) करा असं आवर्जून सांगा; जंतू रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो का हे त्यात कळतं. गाठ कुणाकडून चिरून घेऊ नका, जखम भरत नाही.

उपचार सहसा सहा महिन्यांचे असतात आणि सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात. फक्त ग्रंथींचा क्षय असेल तर तो खोकल्यातून पसरत नाही, त्यामुळे ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. छातीचा एक्स-रे मात्र होऊ द्या. औषध सुरू झाल्यावर काहींची गाठ आधी वाढते किंवा नवी येते. उपचार सुरू झाल्यावर जागी झालेल्या प्रतिकारशक्तीचा तो परिणाम असतो. डॉक्टरांना दाखवा, गोळ्या थांबवू नका. दुसऱ्या महिन्यात बरं वाटतं आणि बरेच जण तिथेच सोडतात, तेव्हा उरलेल्या चार महिन्यांची जबाबदारी घरातल्या एकाने घ्यावी.

नोंदणी करताना बँक खात्याचा तपशील द्या. क्षयरुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. अडचण आली तर निक्षयचा मोफत क्रमांक १८००-११-६६६६ आहे. त्या पैशांतून अंडी, डाळी, शेंगदाणे आणा.